तोंडाला लागेल ती वस्तू

हौसामावशी कुठल्याही दारात गेली की आधी पाणी मागायची. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधी, भाव बोलायच्या आधी, पोरंबाळं कशी आहेत हे विचारायच्याही आधी. तहान असो वा नसो, दोन घोट घ्यायचीच. मग टोपली खाली ठेवून पदरानं तोंड पुसत म्हणायची, "आता बोल. तुज्या घरचं पानी प्यालेय मी, आता फसवता येनार नाय."

माझ्या दारात ती सात वर्षं पाणी प्यायली. त्यानंतरची आठ वर्षं प्यायली नाही. त्या आठ वर्षांचा राग माझ्या मनात अजून आहे. तिच्याविषयी लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी तिचं कौतुक करायला बसलेलो नाही. पण हल्ली शिकलीसवरलेली माणसं माझ्या कारखान्यात येतात, जुनं प्लास्टिक पुन्हा वापरात कसं आणायचं यावर बोलतात आणि मला विचारतात, "शेठ, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हणतो, "कुठं नाही. आपलं आपण." ते खोटं आहे, आणि खोटं बोललो की दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं. म्हणून लिहितोय.

हौसामावशी पळसदरीची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, एवढंच मला माहीत. पुढचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. अंगानं ठेंगणी, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. टोपलीत मधोमध एक जुनी फळी आडवी घातलेली. एका बाजूला लसूण, कांदे, सुकट, बोंबील. दुसऱ्या बाजूला लोकांनी टाकून दिलेलं प्लास्टिक: फुटक्या बादल्या, तडकलेले डबे, कान तुटलेले मग, तुटक्या चपला. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या वाड्या-वस्त्या ती पायी फिरायची. फुटकी बादली घ्यायची, लसूण द्यायची. निघताना पहिली बाजू भरलेली, परतताना दुसरी. जातानाचं आणि येतानाचं ओझं सारखंच असतं, असं ती सांगायची.

माझी तिची गाठ पडली तेव्हा मी घाटावरून अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेला माणूस होतो. खोपोलीत हातगाडीवर भंगार घ्यायचो. माझ्याकडे एक तराजू होता. तो तराजू माझ्या मर्जीनं चालायचा, हे मी आज कबूल करतो. पहिल्या दिवशी तिनं माल पारड्यात टाकूच दिला नाही.

"काट्याला तुजा अंगठा लागतो," ती म्हणाली.

"कुठं लागला? दाखव!"

"अजून नाय लागला. माल ठेवला की लागंल." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काय रं, पानी हाय का तुज्याकडं?"

मी संतापलो होतो, पण पाण्याला नाही म्हणता येत नाही. गाडीखालच्या कळशीतलं दिलं. प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता नगावर बोलू. बादलीला इतकं, डब्याला इतकं. काटा नको." दोन तास घासाघीस झाली. भांडणात मी कुणाला हार जात नाही, पण त्या बाईपुढे माझा घसा बसला. शेवटी तिच्याच भावात माल घेतला आणि घरी येऊन बघतो तर मला फायदाच झाला होता. तिनं आणलेल्या मालात माती नव्हती, लोखंडी कड्या नव्हत्या, ओल नव्हती. तिनं सगळं ओढ्यावर धुऊन आणलं होतं.

चार-पाच वर्षांनी मी खालापूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड घातली. एक दळायचं यंत्र, एक हातानं दाबायचं साच्याचं मशीन. मोडक्या बादल्या दळायच्या, दाणा करायचा आणि त्यातून पेले, साबणाच्या डब्या काढायच्या. सगळ्या रंगांचा माल एकत्र वितळला की घाणेरडा राखी रंग येतो, म्हणून त्यात काजळी घालायची. माझे पेले काळे. जाड, बोजड, पण आपटले तरी फुटायचे नाहीत. वाड्यावस्त्यांवर ते हौसामावशीच घेऊन जायची. फुटकी बादली त्या घरातून निघायची आणि महिन्याभरानं तिचेच पेले होऊन त्याच घरात परत जायचे. मावशीला याची मोठी मौज वाटायची. "हा तुज्याच बादलीचा गं," असं प्रत्येक घरी सांगायची. खरं असेल-नसेल, बायका पेला हातात फिरवून आपली बादली शोधायच्या.

पहिल्याच महिन्यात माझं मशीन बंद पडलं. आतून पिवळा धूर, घशाला आग. कारागीर म्हणाला, मशीन खराब. मी त्याच्यावर ओरडत होतो, तेवढ्यात मावशी आली. पाणी मागितलं. प्यायली. मग शेडमागच्या पिंपात तिनं माझ्या ढिगातला मूठभर चुरा टाकला. काही तुकडे वर तरंगले, काही तळाला गेले.

"हे तरंगलं ते एका आईचं," ती म्हणाली, "आनि बुडलं ते दुसऱ्या आईचं. तू दोघांना एका ताटात वाढलंस. भांडनार नायतर काय?"

तळाला गेलेला चुरा चपलांचा होता. ते प्लास्टिक वेगळं, त्यानं मशीनचं पोट जाळलं होतं. ओढ्यावर धुताना काय वाहून जातं आणि काय खाली बसतं, यावरून तिनं ते ओळखलं होतं. आज माझ्या कारखान्यात मोठ्या टाक्या आहेत आणि त्यांत हेच चालतं. पाहुणे टाक्यांचे फोटो काढतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय तिच्याकडे येतो.

त्या सुमाराला भातावर मारायचं औषध पांढऱ्या डब्यांतून येऊ लागलं. पाच लिटरचे, कडक, झाकणाचे सुंदर डबे. औषध संपलं की लोक डबा टाकत नसत. विसळायचे आणि त्यात तेल, रॉकेल, काहीजण पाणीसुद्धा भरायचे. इतकी चांगली वस्तू टाकून द्यायला कुणाचं मन होईल? एकदा डोंगराखालच्या एका वाडीत हौसामावशीच्या डोळ्यांदेखत एक रेडकू मेलं. डबा मधोमध कापून घरधन्यानं त्याची पाण्याची कुंडी केली होती. ती तिथून थेट माझ्या शेडवर आली. चालून चालून तिचे पाय धुळीनं पांढरे झाले होते.

"मी ते डबे घरातून भाईर काढनार हाय," ती म्हणाली. "एका डब्याला बादलीच्या दुप्पट लसून देनार. पन आधी तू सांग, तू त्यांचं काय करशील?"

मी मनात हिशोब मांडला. पांढरा माल म्हणजे आमच्या धंद्यातला राजा. म्हणालो, "मुंबईला एक पाइपवाला आहे. गटाराचे पाइप करतो. त्याला देईन."

"तोंडाला लागंल असं काय करनार नाय?"

"नाही."

"पेला नाय, डबा नाय, चमचा नाय, पोराचं खेळनं नाय?"

"नाही म्हणालो ना मावशी! किती वेळा सांगू?"

तिनं उठून माझ्याच माठातलं पाणी काढलं आणि पेला माझ्या हातात दिला. "तू पी," म्हणाली. रोज ती प्यायची, त्या दिवशी मला पाजलं. मी प्यायलो. मग ती प्यायली. आमचं काही कागदावर नव्हतं, पण जे होतं ते हे.

दिवाळीनंतर तिनं वाड्यांवर फिरून डबे काढायला सुरुवात केली. सोपं नव्हतं. बायका म्हणत, "मावशे, धुतलाय गं चांगला. आतून बघ, आरसा." ती म्हणायची, "आरसा हाय तर तोंड बघ. पिऊ नको." कुणी लसणावर मानलं नाही तर सुकट द्यायची. आणि सगळ्यांना एकच सांगायची, "हे डबे परत तुमच्या घरात येनार नायत. माजा शब्द." तिच्या त्या शब्दावर पहिल्याच फेरीत माझी अर्धी शेड डब्यांनी भरली.

पाइपवाल्यानं पहिला माल उचलला. दुसऱ्या वेळी त्यानं भाव पाडला. दुसरीकडून स्वस्त मिळतंय म्हणाला. मी म्हटलं, नाही देणार. तो थोडा वर आला. मी म्हटलं, तरी नाही. माझा स्वभाव असाच आहे. समोरच्यानं एक पाऊल मागे घेतलं की मला आणखी एक हवं असतं. फोनवर मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला तो पुन्हा उचलला नाही. डबे दळून पोत्यांत पडून राहिले, पांढरेशुभ्र.

तेव्हाच कर्जतच्या बाजारातला एक भांडीवाला शेडवर आला. माझे काळे पेले तो विकायचा. म्हणाला, "लग्नसराई तोंडावर आहे. पंगतीला तुमचे काळे पेले कोण मांडणार हो? सुतकासारखे दिसतात. लाल करा. जितके कराल तितके उचलतो."

मोडक्या बादल्यांच्या दाण्यावर लाल रंग चढत नाही. त्याला पांढराच माल लागतो.

मी ते पांढरं प्लास्टिक धुतलं. घाईघाईत नाही. कढत पाणी आणि सोडा, तीन वेळा. आठ दिवस कडक उन्हात पसरलं. स्वतः नाकाला लावून बघितलं, वास नव्हता. मग लाल पूड घालून पेले काढले. काय सांगू, असे पेले मी आयुष्यात काढले नव्हते. जास्वंदीसारखे. कारागीर आणि मी ते उन्हात धरून बघत बसलो. सहा पोती भांडीवाल्याकडे गेली. हौसामावशीच्या टोपलीत मात्र मी काळेच भरत राहिलो. लाल तिला दाखवले नाहीत.

तिला ते सापडले एका लग्नात. त्या डोंगराखालच्या वाडीतच लग्न होतं, आणि वाडीनं हौसेनं बाजारातून लाल पेले आणले होते. मावशीला मानानं कोरा चहा दिला. गरम चहा पेल्यात पडला आणि तिनं पेला तोंडाशी नेला, वाफ हुंगली आणि तसाच खाली ठेवला. हे मला पुढे त्या वाडीतल्या एका बाईनं सांगितलं. लग्नात तिनं डब्यांचा विषय काढला नाही. "दुकानदारानं चुकून दुसऱ्याचा माल दिलाय, परत मागतोय तो," असं म्हणून तिनं सगळे पेले गोळा केले आणि बायकांना द्रोण लावायला बसवलं. पंगत द्रोणातून पाणी प्यायली. लग्न छान पार पडलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्जतच्या बाजारात टेंपोतून आणखी दोन पोती उतरवत होतो. भांडीवाला पायरीवर उभा होता. बाजार भरलेला. हौसामावशी समोरून आली. पाठीवर पोतं होतं. तिनं पाणी मागितलं नाही. पोतं भर रस्त्यात उपडं केलं. लाल पेले घरंगळत लोकांच्या पायांत गेले.

"शेट," ती म्हणाली.

सात वर्षांत तिनं मला 'काय रं' याशिवाय हाक मारली नव्हती. तेव्हाच मला कळलं.

"ह्यो लाल रंग तुमी कशावर चढवला?"

"मावशी, शेडवर ये, बोलू आपण."

"मोडक्या बादल्यांचा दाना काळा. काळ्यावर लाल चढत नाय, हे तुमीच मला सांगितलंत. पांढरा माल कुठून आनलात?"

"काय झालं?" भांडीवाला पुढे आला. "कसला पांढरा माल?"

"औषदाचे डबे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच सगळा बाजार ऐकत होता.

माझ्या कानशिलात रक्त उसळलं. "तीनदा धुतलंय!" मी ओरडलो. "सोड्यात उकळलंय! तुझ्या त्या ओढ्यापेक्षा दहापट स्वच्छ आहे! आण पाणी, कुणीतरी पाणी आणा!"

भांडीवाल्याच्या माठातलं पाणी मी एका लाल पेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. "बघा! मेलो का?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आणखी एक घ्या शेठ, अजून रंग चढला नाय." लोक हसले. ती हसली नाही.

"तुमी प्या," ती म्हणाली. "तुमचं तोंड तुमचं हाय. पन वाडीनं डबे मला दिले ते माज्या शब्दावर. मी सांगितलं व्हतं, परत घरात येनार नायत. ते पेले हून त्यांच्या पंगतीत गेले."

"वास येतोय का त्याला? सांग! घे, तूच हुंग!"

"माज्या नाकाचं सोडा. येवढं सांगा. इतका चांगला माल, तर माज्या टोपलीत एक बी लाल पेला का नाय घातला?"

पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली, तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "उद्यापासून तुझा माल माझ्या शेडला नको!" ती म्हणाली, "बरं." हातातला पेला मी रागानं पिशवीत कोंबला आणि टेंपोत बसलो. तिनं ते बघितलं होतं.

घरी आलो. बायकोला बाजारातली बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्याही फळीवर चार लाल पेले होते, मीच आणले होते कौतुकानं. ती ते उतरवत होती.

"मी प्यायलोय त्यातून," मी म्हणालो. "सगळ्या बाजारासमोर."

"ते ऐकलं," ती म्हणाली. "पोरांना मी स्टीलचे देते."

भांडीवाल्यानं उरलेली पोती परत पाठवली. पण विकले गेलेले पेले वाड्यावस्त्यांवर होते, आणि हौसामावशी त्यांच्या मागे लागली. भर वैशाखात ती दारोदार गेली. पाणी मागायची, प्यायची आणि म्हणायची, "लाल पेला द्या. माज्याकडून चूक झाली." 'शेटकडून' नाही, 'माज्याकडून'. हे मला वाडीवरच्या बाईनं सांगितलं तेव्हा तर मला आणखीच राग आला. माझी चूक वाटून घ्यायला तिला कुणी सांगितलं होतं?

फुकट तर ती कुणाकडून काही घ्यायची नाही. लाल पेला घेतला की लसूण द्यायची. लसूण संपल्यावर सुकट दिली, सुकट संपल्यावर कांदे. तिची वर्षभराची साठवण त्या महिन्यात संपली. मग ती माझ्या शेडच्या फाटकाबाहेर येऊन बसली. शेजारी लाल पेल्यांचं पोतं.

"काळे द्या," ती म्हणाली. "लालाला काळा. लोकांच्या हातातली वस्तू मी घेतलीय, रिकामी कशी जाऊ?"

"तुला मी सांगितलं होतं गोळा करायला?"

"नाय."

"मग?"

तिनं पोतं जवळ ओढलं आणि बसून राहिली. तीन दिवस असं चाललं. ती सकाळी यायची, दुपारपर्यंत बसायची, जायची. फाटकाशीच नळ होता, पण ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे जाऊन पाणी प्यायची आणि पुन्हा येऊन बसायची. माझे कामगार माझ्याकडे चोरून बघायचे. चौथ्या दिवशी माझी बायको घरून आली, शेडमध्ये शिरली, काळ्या पेल्यांचं पोतं तिनं फरफटत फाटकाबाहेर नेलं आणि माझ्याकडे न बघता परत गेली. तिला अडवलं असतं तर माझं जेवण बंद झालं असतं.

मावशीनं पोतं उघडून काळे पेले बघितले, एक टिचकी मारून ऐकला. मग लाल पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांचं काय करनार?"

"जाळतो. झालं समाधान?"

"जाळू नका. धूर काय डोंगरात जाऊन बसतो? तो बी कुनाच्या तरी तोंडातच जानार." थोडा विचार करून म्हणाली, "मोरीची जाळी करा. तोंडाला लागत नाय, पायाखाली ऱ्हाते. फुटली तर परत जाळीच करा."

मी जाळीचा साचा केला. त्या लाल जाळ्या कर्जतपासून खोपोलीपर्यंत घरोघरच्या मोऱ्यांत बसल्या आणि, खरं सांगायचं तर, पेल्यांपेक्षा जास्त खपल्या. पुढे औषधाचा प्रत्येक डबा जाळीतच गेला. आजही जातो. त्याचा साचा वेगळा, दळायचं यंत्र वेगळं, पोत्यांना लाल दोरी. पाहुण्यांना ही व्यवस्था फार आवडते.

पण मावशी माझ्या शेडवर यायची बंद झाली. तिचा धुतलेला, निवडलेला माल खोपोलीच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ लागला. रस्त्यात दिसली तर म्हणायची, "बरंय ना शेट?" आणि पुढे. शेट! दरवेळी तो शब्द मला डासासारखा चावायचा.

माझी तक्रार काय आहे ते सांगतो. त्या पेल्यांनी कुणाला काही झालं नाही. एकालाही नाही. मी हे तिला एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं. ती म्हणाली, "व्हायची वाट बघायची व्हती काय?" बरं, तेही सोडा. पण तिनं आधी शेडवर येऊन मला एकट्याला सांगायला हवं होतं. सात वर्षं पाणी प्यायली होती माझ्या घरचं. भर बाजारात पोतं उपडं करायची काय गरज होती? बायको म्हणते, "एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" मी म्हणतो, ऐकलं असतं. ती भाकरी थापत राहते.

शेवटची दिसली ती आठ वर्षांनी. शेडचा कारखाना झाला होता, मला टेबल आणि फिरती खुर्ची आली होती. सकाळची वेळ. दारात काठी टेकल्याचा आवाज झाला. हौसामावशी उभी होती. वाळून निम्मी झालेली, पण टोपली डोक्यावर होतीच. लहान टोपली. मधोमध फळीची कड दिसत होती.

"एक राहिला व्हता," ती म्हणाली.

माझ्या टेबलावर लाल पेला होता. बाजारात मी ज्यातून पाणी प्यायलो होतो तोच. त्यात मी पेनं ठेवायचो. का ठेवला होता, तर मला रोज दिसावा म्हणून.

"तुला काय माहीत?"

"तुमी पिशवीत घातलात. बाकी सगळे गावले. ह्योच नाय गावला."

"पेनं ठेवतो मी त्यात. तोंडाला लागत नाही."

"आज पेनं. उद्या तुमी नसाल तवा नातवंड पानी पिईल."

मी खुर्चीत मागे रेललो. जुनी खुमखुमी आली. "काय देशील त्याचं?"

तिनं हात वर करून डोक्यावरच्या टोपलीतून एक काळा पेला काढून टेबलावर ठेवला. कड झिजलेली, अंगावर चरे. माझ्या अगदी पहिल्या साच्याचा. तो साचा मी केव्हाच मोडून टाकला होता.

"जुना आहे हा," मी म्हणालो. "चालणार नाही."

"तुजाच हाय रं," ती म्हणाली.

मी पेनं टेबलावर ओतली आणि लाल पेला तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा करून बघितला, बुडावरून अंगठा फिरवला आणि टोपलीत ठेवला, प्लास्टिकच्या बाजूला. मी उठलो. कामगाराला हाक मारली नाही, स्वतः माठाशी गेलो, काळा पेला विसळला, भरला आणि तिच्यासमोर धरला.

"पाणी घे मावशी."

तिनं पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपली चुंबळीवर सारखी केली.

"येताना पिते," म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

मी पेला हातात घेऊन दारात उभा राहिलो. काठी टेकत तिनं रस्ता ओलांडला. टोपलीत लाल ठिपका दिसत होता. चहावाल्याच्या दुकानाशेजारी एक नवं घर झालं होतं, तिथली बाई ओट्यावर धान्य निवडत बसली होती. मावशी तिच्यापुढे थांबली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण मला ते ऐकायची गरज नव्हती. बाई आत गेली, तांब्या घेऊन आली. हौसामावशीनं दोन घोट घेतले, पदरानं तोंड पुसलं आणि मग टोपली खाली ठेवली.